दोन अक्षरांचा निरोप

"स्टीलची वाटी चालायची नाही," अंबूताई दारातूनच म्हणाल्या. "पितळेची काढ, नाहीतर चांदीची. स्टीलवर कुणी येत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नोव्हेंबरातला शनिवार होता. सकाळची शाळा आटोपून मी नुकतीच घरी आले होते, वह्यांची पिशवीसुद्धा अजून हातातच होती. कसली वाटी, कुणाचं येणं, मला काही उमगेना. मग फाटकाशी, काखेत कॅरम बोर्ड धरून उभे असलेले जनार्दन हुद्दार मला दिसले आणि सगळं लक्षात आलं.

अंबूताई सरनोबत म्हणजे बेळगावच्या सरकारी दवाखान्यातल्या सुईण. तीस वर्षं नोकरी केली, निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लँचेटचा नाद धरला. "इतकी वर्षं माणसं या जगात आणली, आता गेलेल्यांना घटकाभर परत आणते," असं हसत हसत सांगायच्या. कुणाचं मृत्युपत्र सापडत नसलं, कुणाच्या सासऱ्याची शेवटची इच्छा कळायची राहिली असली, की लोक त्यांच्याकडे जायचे.

"कुणाला बोलवायचंय?" मी विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

"तुझ्या नवऱ्याला," अंबूताई म्हणाल्या. "घरचं माणूस बसल्याशिवाय तो यायचा नाही, म्हणून हुद्दारांना इथे घेऊन आले. आत येऊ का?"

माझे यजमान अच्युत राजाध्यक्ष त्या श्रावणात गेले. सकाळी पेटीवर बसले होते, बसल्या जागी कलंडले. ते नाटकाच्या पदांना चाली लावत आणि जनार्दन हुद्दार शब्द लिहीत. चौदा वर्षांत दोघांनी मिळून सहा संगीत नाटकं केली. त्यांतल्या 'संगीत मेघडंबरी'ची पदं टांगेवालेसुद्धा गुणगुणायचे. हुद्दारांना मी भावोजी म्हणत असे. त्यांची पत्नी लवकर गेली. त्यांची एकुलती मुलगी उत्तरा शाळेतून सुटली की आमच्याकडे येई, जेवे, माझ्याजवळ अभ्यासाला बसे. आम्हांला मूल नव्हतं. वेणी मीच घालायची तिची.

आणि आता तेच भावोजी, भांडून गेल्यापासून अकरा महिन्यांनी, आमच्या फाटकाशी आले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "येऊ ना?"

दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. मनगटावर काळा गंडा बांधलेला दिसला. असल्या गोष्टींची एके काळी हा माणूस आमच्या ओटीवर बसून यथेच्छ टिंगल करत असे.

"या," मी म्हटलं.

कॅरम बोर्ड मधल्या खोलीत सतरंजीवर ठेवला. अंबूताईंनी खिडक्या लावून घेतल्या, उदबत्ती पेटवली आणि खडूनं बोर्डावर गोलाकार अक्षरं लिहायला घेतली. क, ख, ग... ज्ञपर्यंत. एका कोपऱ्यात 'हो', समोरच्या कोपऱ्यात 'नाही'.

"काना-मात्रा?" मी शिक्षिका, मला राहवेना.

"काना-मात्रा नाहीत. नुसती अक्षरं येतात, शब्द आपण जुळवून घ्यायचा. अगं, मेल्यावर कुणी शुद्धलेखन बघतं का?"

मी चांदीची वाटी आणायला देवघरात गेले. भावोजी माझ्या मागोमाग आले आणि दाराशी थांबले.

"रागावला असाल," ते म्हणाले.

मी देव्हाऱ्यातली वाटी काढून पदरानं पुसू लागले.

"सांगलीच्या मंडळींचं नवं नाटक आहे. 'संगीत पैलगाव'. अकरा पदं हवीत. फेब्रुवारीत पहिला प्रयोग. वहिनी, मी एक ओळ लिहिलेली नाही. सकाळी बसतो, दुपारी बसतो, तळ्यावर जाऊन बसतो. वाडीला देवाला जाऊन आलो, सप्ताहाचं पारायण केलं. हे बांधून घेतलं." त्यांनी मनगट दाखवलं. "मालक म्हणतात, पंधरवड्यात चार पदं आली नाहीत तर दुसऱ्याला देतो. त्यांचंही बरोबर आहे. पण हे गेलं की मग मला कोण विचारणार?"

"आणि ह्यांनी येऊन काय करायचं?"

"एक ओळ द्यायची. फक्त एक. पुढचं मी ओढून नेईन."

इथे मला मागचं थोडं सांगायला हवं. आदल्या डिसेंबरात उत्तरानं लग्न केलं. मुलगा धारवाडचा, शिवानंद नावाचा, कॉलेजात तिच्यापुढे दोन वर्षं. घरात कानडी बोलणारा, लिंगायत. भावोजींनी साफ नकार दिला. सीमाप्रश्नाच्या सभांतून ज्यांची गीतं गायली जात, त्यांची मुलगी कानडी घरात गेली तर लोक काय म्हणतील, हे त्यांचं म्हणणं. उत्तरा आमच्याकडे येऊन रडली. अच्युत म्हणाले, "लग्न आमच्या अंगणात होईल." झालंही. कन्यादान आम्ही दोघांनी केलं. मंगलाष्टकं चालू असताना भावोजी याच फाटकाशी येऊन उभे राहिले. सगळं संपल्यावर अच्युतना एवढंच म्हणाले, "आजपासून तुझ्या चाली तुला, माझे शब्द मला."

अच्युत त्यांच्याकडे चार वेळा गेले. चारही वेळा दार उघडलं नाही. पाचव्या वेळी पत्र टाकलं, ते न फोडता परत आलं. श्रावणात अच्युत गेले तेव्हा सारं गाव आमच्या अंगणात होतं आणि हुद्दार समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभे होते. खांदा द्यायला पुढे आले नाहीत.

त्या माणसाला आता एक ओळ हवी होती.

मी वाटी त्यांच्या हातात दिली. "चला," म्हटलं.

वाटी उपडी घातली. तिघांनी आपापलं एकेक बोट तिच्यावर टेकवलं. अंबूताईंनी डोळे मिटून नाव घेतलं, गोत्र घेतलं, "आला असलास तर 'हो'वर जा," म्हणाल्या. दहा मिनिटं काहीच झालं नाही. रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला. मग वाटी जराशी सरकली, थांबली, पुन्हा सरकली आणि 'हो'वर जाऊन टेकली.

भावोजींचा श्वास मला ऐकू आला.

"विचारा," अंबूताई म्हणाल्या.

"अच्या," ते म्हणाले. आवाज पार खरवडलेला. "अच्या, गाणी देशील?"

वाटी मधोमध आली आणि तिथेच राहिली. मग निघाली. खालच्या बाजूनं वळसा घेत गेली आणि 'प'वर थांबली. तिथून सरळ 'र'वर. तिथे थांबली ती थांबलीच.

"प, र," अंबूताई पुटपुटल्या. "परत? पुढचं अक्षर येऊ दे, बाबा. घाई नाही."

वाटी हलली नाही.

"पार? पूर?" अंबूताई वाटीला समजावल्यासारख्या बोलत होत्या. "परवा का? अरे, काहीतरी—"

"पोर," भावोजी म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं बोट अजून वाटीवरच होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला त्यांनी दुसरा हातही उचलला नाही.

"पोर म्हणतोय," ते म्हणाले. "तो तिला पोरच म्हणायचा. 'तुझी पोर आज जेवली नाही, जना. तुझ्या पोरीला ताप आहे, जना.' वहिनी, त्यानं नाव घेतलेलं कधी ऐकलंत? मी गाणी मागतोय, आणि हा अजून तिथेच आहे."

अंबूताईंनी हळूच वाटी उचलली. "आता नको," म्हणाल्या. "थकला असेल."

भावोजी उठले, पायांत चपला घातल्या आणि कॅरम बोर्ड तसाच टाकून निघून गेले. ओल्या फडक्यानं मी खडू पुसायला बसले. 'प' आणि 'र' दोनदा पुसले.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी सातला ते पुन्हा दारात. दाढी केलेली, धुतलेला सदरा, हातात कुंद्याच्या मिठाईचा डबा.

"धारवाडची आठची गाडी आहे. तुम्ही येता का? एकट्याला मला ती घरात घेणार नाही."

गाडीत ते खिडकीशी बसले. कित्तूर मागे पडेपर्यंत डबा मांडीवर धरून होते. मग म्हणाले, "नाटक कशावर आहे, विचारलं नाहीत तुम्ही."

"कशावर आहे?"

"नावाडी असतो एक. त्याची मुलगी नदीपलीकडच्या गावात लग्न करून जाते. हा सगळ्या गावाला पार नेऊन सोडतो, पण स्वतः पलीकडच्या काठावर पाय ठेवत नाही. सगळी पदं त्या नावाड्याची." त्यांनी डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. "मालकांना वाटलं, हुद्दारांना विषय आवडेल."

मी बाहेर बघत राहिले. ज्वारी कमरेइतकी आली होती.

उत्तरानं दार उघडलं. तिला आठवा महिना होता. मला ते पत्रांतून ठाऊक होतं. भावोजींना सांगायला हवं होतं, पण मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्या पोटाकडे, मग खाली फरशीकडे.

"चष्मा बदललात, बाबा," ती म्हणाली.

"हो. दिवाळीत. जुना पडला हातून."

आतून तिच्या सासूबाई आल्या, नीलव्वा त्यांचं नाव. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात वाटीभर गूळ. "बसा, बसा," त्या म्हणाल्या, "दूर आलं की नाही? पाय दमलं असेल." त्यांचं मराठी एवढंच होतं आणि त्यांनी ते सगळं एका दमात वापरून टाकलं. भावोजी बसले. गुळाचा खडा तोंडात टाकला. डबा पुढे केला.

"अच्युतकाका चार वेळा तुमच्या दारी आले, त्यांनी सांगितलं म्हणून आता आलात?" उत्तरानं विचारलं. तिचा आवाज कडकच होता.

"हो."

"कधी सांगितलं?"

"काल."

उत्तरानं माझ्याकडे पाहिलं. मी साडीची निरी नीट करू लागले.

"काय म्हणाले काका?"

भावोजींचा हात नुसताच तिच्या दिशेनं झाला आणि परत मांडीवर आला. मग उत्तरा त्यांच्या शेजारी, जड अंगानं हळूहळू, खाली बसली आणि तिनं त्यांच्या मनगटावरचा गंडा बघितला. "हे काय बांधलंत? शी!" म्हणाली आणि दातांनी गाठ तोडून तिनं तो काढून टाकला. ती अशी वाकलेली असताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती तरी वेळ.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी. शिवानंद बाहेरून आला, सासऱ्यांच्या पाया पडला आणि बुजून दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. भावोजींनी त्याला हाक मारून शेजारी जेवायला बसवलं. त्यांनी कानडीतून त्याला चटणी वाढायला सांगितली. चांगलं कानडी येत होतं त्यांना. बेळगावातल्या माणसाला येतंच. ते ऐकून नीलव्वा तोंडाला पदर लावून हसल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी कागद मागितला. उत्तरानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडून दिलं. मागच्या अंगणात नीलव्वा शेंगा फोडत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या, तिथे पायरीवर जाऊन ते बसले. आम्ही कुणी तिकडे गेलो नाही. चार वाजता आत आले तेव्हा पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं.

परतीच्या गाडीत त्यांनी ते माझ्या हातात दिलं. नावाडी रिकामी नाव घेऊन मधल्या धारेत उभा आहे आणि पलीकडच्या काठावरच्या धुराकडे बघतोय. कुणाच्या चुलीचा धूर, एवढाच त्याचा प्रश्न. मी दोनदा वाचलं.

"दुसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त आहेत," मी म्हटलं.

"कशाच्या मानानं? चाल कुठाय?"

चाल होती. अच्युतची वही माझ्या कपाटात होती. शब्द नसलेल्या पंचवीस-तीस चाली, माझ्याच हातानं स्वरलिपीत उतरवलेल्या, कारण त्यांचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नसे. भावोजी निघून गेल्यावरच्या आठ महिन्यांत त्यांनी महिन्याला तीन-चार केल्या असतील. ती वही कुणालाही द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. बेळगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात तीन चाली त्या शब्दांवर लावून बघितल्या. तिसरी बसली.

श्रावणापासून बंद असलेली पेटी मी सोमवारी संध्याकाळी उघडली. सात आठवडे आम्ही रोज बसलो. भांडलोही खूप. अकरा पदं झाली. फेब्रुवारीत सांगलीला पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्या धुराच्या पदाला तीनदा वन्समोअर मिळाला. नट दमला, पण लोक ऐकेनात. तिसऱ्या रांगेत नीलव्वा बसल्या होत्या, मांडीवर दोन महिन्यांची नात. नाटकाचे दोनशे सत्तर प्रयोग झाले. लोक म्हणत, हुद्दारांना जणू वाचा फुटली. अंबूताई सगळ्यांना सांगत सुटल्या, हे त्यांच्या वाटीचं काम. मरेपर्यंत सांगत होत्या.

आणि त्या मरेपर्यंत मी गप्प राहिले. पंधरा वर्षांनी, अंबूताईंचे दिवस झाले, त्यानंतरच्या आठवड्यात मी भावोजींकडे गेले. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांनी स्वतःच चहा केला.

"भावोजी, ती वाटी मी ढकलली होती," मी म्हटलं.

ते हसले. "ते काय मला ठाऊक नाही? त्याच दिवशी रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं. अंबूताईंना उत्तराचं काय पडलं होतं! तुम्हीच असणार. वहिनी, मी तुम्हांला कधी बोललो नाही, पण रोज सकाळी देवापुढे उभा राहिलो की तुमचं नाव घेतो. इतकं सगळं होऊनही तुम्ही मला पोरीकडे पाठवलंत."

हे मला अपेक्षित नव्हतं. गप्प बसून तो मान घ्यावा, असं क्षणभर वाटलंसुद्धा. कुणाचं काही बिघडलं नसतं.

"मी 'पोर' नव्हतं लिहिलं," मी म्हटलं. "तुम्ही गाणी मागितलीत. मेल्यावरसुद्धा ह्यांच्याकडून काम हवं होतं तुम्हांला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला 'पुरे' म्हणायचं होतं. पुरे आता, चालते व्हा. पुन्हा या घराची पायरी चढू नका. ह्यांच्या तोंडून सांगितलं की तुम्ही जन्मात विसरणार नाही, म्हणून ह्यांच्या नावानं लिहिलं."

त्यांनी कप खाली ठेवला. एकाच डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठायला सांगतील.

"प, र," ते म्हणाले. "पुरे. हो की. तेही होतं." मग स्वतःशीच मान हलवत राहिले. "चौदा वर्षं बसलो त्याच्यासमोर. बोटं दुखायची, आवाज बसायचा, तुम्ही आतून जेवायला हाका मारायचात. अच्यानं तो शब्द मला एकदाही म्हटला नाही, वहिनी. कायम 'आणखी एक करू'. त्याच्या तोंडचा तो शब्दच नव्हे. मग मला तो दिसणार कसा?"

त्यांनी किटली उचलली आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.